कोरडवाहू रानातील कडधान्ये आणि हृदयाचे आरोग्य

सोलापूर जिल्ह्याचा बराचसा भाग अवर्षणप्रवण आहे. पावसाची वार्षिक सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही वेळेवर येईल याची शाश्वती नाही. कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी १९३३ च्या सुमारास देशात जी मोजकी केंद्रे निवडण्यात आली, त्यांत सोलापूरचा समावेश होता. अशा जमिनीत ज्वारीच्या जोडीने तूर, हरभरा, मटकी व हुलगा ही पिके पिढ्यानपिढ्या तग धरून राहिली. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला अक्कलकोटकडील शेतांतून पंगती बसतात, तेव्हा भज्जीच्या पातेल्यात तूर, हरभरा, वाटाणा यांचे ओले दाणे एकत्र शिजतात. हुलग्याचे माडगे व शेंगोळी हे तर गरिबाघरचे अन्न मानले गेले. हृदयविकाराच्या दृष्टीने मात्र हेच अन्न मोलाचे आहे.

याचे कारण यकृताच्या कामात सापडते. यकृत रक्तातील कोलेस्टेरॉलपासून पित्तरस तयार करते. हा पित्तरस आतड्यात आपले काम करून बव्हंशी पुन्हा यकृताकडे परततो. कडधान्यांतील विद्राव्य तंतू पाण्यात फुगून बुळबुळीत होतात, पित्तातील आम्ले धरून ठेवतात व मलावाटे बाहेर नेतात. ही तूट भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातून आणखी कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते, आणि रोहिण्यांच्या भिंतींवर थर साचविणारे अपायकारक कोलेस्टेरॉल कमी होते. कॅनडातील एका वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. रोज सुमारे १३० ग्रॅम शिजविलेली कडधान्ये किंवा डाळी, म्हणजे एक मध्यम वाटी, खाणाऱ्यांचे हे कोलेस्टेरॉल सुमारे ५ टक्क्यांनी उतरल्याचे त्यात दिसून आले. हा आकडा लहान वाटेल. औषधाची जागा तो घेऊ शकत नाही. परंतु तो रोजच्या जेवणातून मिळतो. शिवाय कडधान्यांतील पिष्ट सावकाश पचते, त्यामुळे जेवणानंतर रक्तातील साखर एकाएकी चढत नाही. मधुमेह हा हृदयविकाराचा जुना सोबती असल्याने ही गोष्टही महत्त्वाची ठरते. त्यांतील पोटॅशियम रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास साहाय्य करते.

येथे कडधान्य आणि डाळ यांतील भेद ध्यानी घ्यावयास हवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम अख्ख्या तुरीत सुमारे २३ ग्रॅम तंतू असतात, तर तूरडाळीत सुमारे ९. भरडताना साल गेले की त्यासोबत तंतूंचा मोठा वाटाही जातो. अख्ख्या हरभऱ्यात हे प्रमाण २५ ग्रॅमच्या घरात आहे. डाळ टाकाऊ ठरते असे नव्हे. मात्र भांडेभर पाण्यात मूठभर डाळ घालून केलेले वरण आणि दाट उसळ यांचे गुण एक नाहीत. याच संस्थेच्या शिफारशीत प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या २,००० उष्मांकांच्या आहारात डाळी व कडधान्यांचा वाटा, कच्च्या वजनाने, ८५ ग्रॅम आहे. आठवड्यातून एकदा केलेली मटकीची उसळ तेथवर पोहोचत नाही.

उसळीवर तेलाचा लाल तवंग आणि वरून फरसाण आले, की मिळविलेले बरेचसे गमावले जाते. तीच गत मिठाची. सोलापूरची शेंगा चटणी हे याचे बोलके उदाहरण. भुईमूग हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कडधान्यांचाच भाऊबंद. त्याचे तेलही बहुतांशी असंतृप्त, म्हणजे हृदयाला फारसे न जाचणारे. खरी अडचण चटणीतील मिठाची. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरेसे मानले आहे, आणि जेवणातील इतर पदार्थांतही मीठ असतेच.

पोटात वायू धरतो या तक्रारीमुळे अनेक घरांतून कडधान्ये मागे पडली. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, मोड आणून नीट शिजविल्यास हा त्रास बराच कमी होतो. प्रारंभी प्रमाण थोडे ठेवून ते हळूहळू वाढवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे, कारण पोटॅशियम त्यांना बाधू शकते. रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असल्यास त्या उसळीच्या भरवशावर बंद करू नयेत. छातीत कळ येऊन ती हाताकडे अथवा जबड्याकडे सरकली, घाम फुटला, तर घरगुती उपायात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे.