समुद्रतळीचा प्राणी आणि गव्हावरील तांबेरा

सजीवांचे 'प्राणी' व 'वनस्पती' असे दोनच वर्ग पूर्वी शाळांतून शिकविले जात. बुरशी हालचाल करीत नाही, म्हणून तिची गणना वनस्पतींत होई. ही समजूत का टिकली नाही, हे दोन अगदी भिन्न जीवांच्या तुलनेने मुलांना पटविता येते.

पहिला जीव बॅथिनोमस जायगँटियस. खेकडा व कोळंबी यांच्याप्रमाणे हाही कवचधारी प्राणी होय. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फाँस मिल्न-एडवर्ड्स यांनी मेक्सिकोच्या आखातातील नमुन्यावरून १८७९ साली त्याचे प्रथम वर्णन केले. त्याला पायांच्या सात जोड्या असून लांबी सुमारे फूटभर भरते. खोल समुद्राच्या थंड काळोखात, तळाशी आलेल्या मृत प्राण्यांवर तो जगतो. जपानमधील तोबा येथील मत्स्यालयात अशा एका प्राण्याने पाच वर्षांहून अधिक काळ अन्नावाचून काढला. २०१४ साली तो मरण पावला.

दुसरा जीव शेतकऱ्यास परिचित असा गव्हावरील तांबेरा. ही बुरशी गव्हाच्या जिवंत पेशींत सूक्ष्म तंतू घालून अन्न शोषते. मैदानातील उन्हाळा तिला सोसत नाही. ती डोंगराळ प्रदेशात तग धरते व तिचे बीजाणू वाऱ्याबरोबर पुन्हा शेतांत येतात, हे डॉ. के. सी. मेहता यांनी दाखवून दिले.

एकाचे अन्न मृत, दुसऱ्याचे जिवंत. एक अन्न गिळून पोटात पचवितो, दुसरी ते पेशींतून शोषून घेते. तरीही हरितद्रव्य दोघांतही नाही. आपले अन्न सूर्यप्रकाशात तयार करणे दोघांनाही अशक्य. शिवाय प्राण्याच्या कवचात व बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन हा एकच पदार्थ आढळतो. हेन्री ब्राकोनो यांना तो १८११ साली अळंबीत सापडला होता. वनस्पतींच्या पेशीभित्तिका मात्र मुख्यतः सेल्युलोजच्या असतात.

केवळ कायटिनवरून नाते ठरत नाही, हेही मुलांस सांगावे. १९६९ साली व्हिटेकर यांनी आपल्या पंचसृष्टी वर्गीकरणात बुरशींना स्वतंत्र स्थान दिले; पुढे १९९३ साली आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासावरून बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची ठरली.

पाठाच्या वेळी खेकड्याचे कवच व तांबेरा पडलेले पान मुलांसमोर ठेवावे. पान कागदात गुंडाळून आणावे व पाठानंतर जाळून टाकावे, म्हणजे बीजाणू पसरणार नाहीत. "हा जीव अन्न कोठून मिळवितो?" हा प्रश्न प्रथम विचारावा. जो जीव जागचा हलत नाही तो वनस्पतीच, हा समज त्या एका प्रश्नाने दूर होऊ लागतो.