संगणकातली वही ठेवायची कुठे?

कापडाच्या धंद्यात भांडवलाचा एक भाग मालात असतो आणि दुसरा, बहुधा मोठा, उधारीत असतो. सुताचे देणे, सायझिंगची मजुरी, यंत्रमागावरून उतरलेले कोरे ताके, प्रोसेस हाऊसमध्ये पडलेला माल, दलालामार्फत गेलेली विक्री, हा सारा पैसा वहीच्या पानांवर उभा असतो. वही गेली तर गोदाम भरलेले असूनही व्यापारी रिकामा होतो. पूर्वी मुनीमजी लाल वही संध्याकाळी तिजोरीत ठेवून मगच घरी जात. आता वही संगणकात गेली. पण ती रात्री मुक्कामाला कुठे असते, हे आपल्यापैकी अनेकांना सांगता येणार नाही.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि संगणकावरील हिशोब ही हौस राहिली नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून तर ज्यांची उलाढाल ५ कोटींवर गेली आहे, त्यांना व्यापाऱ्याला दिलेल्या बिलासाठी ई-इनव्हॉइस करावे लागते. म्हणून 'सॉफ्टवेअर कोणते घ्यावे?' असे सर्वजण विचारतात. ते ठेवावे कुठे, हा प्रश्नही तितकाच अगत्याचा आहे.

यासाठी रस्ते तीन आहेत. पहिला, आपल्याच दुकानातील संगणक किंवा छोटा सर्व्हर. दुसरा, डेटा सेंटरमधील सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर आपले सॉफ्टवेअर बसविणे. तिसरा, सॉफ्टवेअर आणि जागा दोन्ही एकाच कंपनीकडून घेऊन ठरावीक भाडे भरणे. एकच सॉफ्टवेअर वेगवेगळ्या रस्त्यांनीही मिळू शकते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते परवान्याचे पैसे न देता स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येते, किंवा भाडे भरून कंपनीच्याच जागेवर चालविता येते.

एक दुकान, एक हिशोबनीस आणि एक संगणक असेल, तर पहिला रस्ता बरा. इंटरनेट बंद पडले तरी हिशोब चालू राहतो आणि दरमहा भाडे नाही. मात्र चोरी, आग, पावसाचे पाणी आणि विजेचा लपंडाव या सर्वांची जबाबदारी आपली. यूपीएस हवा, आणि रोजची नक्कल हवी. ही नक्कल संगणकाला कायम जोडलेल्या पेन ड्राइव्हवर ठेवू नये. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने अनेक देशांतील संगणकांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असा विषाणू जोडलेल्या ड्राइव्हलाही सोडत नाही. नक्कल काढून घरी न्यावी.

भिवंडीत गाळा, मुंबईत पेढी आणि मुलगा परगावी वसुलीला, असा पसारा असेल तर भाड्याची जागा सोयीची. सर्वांना एकच ताजी वही दिसते. पण दुसऱ्या रस्त्यात सर्व्हरची देखभाल करणारा माणूस लागतो. तो नोकरी सोडून गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातात. असा माणूस ठेवणे परवडत नसेल तर तिसराच रस्ता धरावा. सोय पाहताना इंटरनेटची दुसरी जोडणी, निदान मोबाइलची, हाताशी ठेवावी.

कायदाही इथे येतो. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. संगणकातील नोंदींची नक्कल अशी ठेवावी लागते, की अपघातात मूळ नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी मुदतीत त्या पुन्हा उभ्या करता याव्यात. ज्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, त्यांच्या हिशोबाची नक्कल रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर असली पाहिजे. तसेच १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर त्यांना बंधनकारक आहे. तेव्हा सर्व्हर कोणत्या देशात आहे, हे कंपनीला लेखी विचारावे.

आमच्या मते भाव ठरविण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. करार संपला तर आमची सारी खाती, बिले आणि साठा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळेल? भाड्याचा एक हप्ता चुकला तर वही लगेच बंद होईल की मुदत मिळेल? मुख्य पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल क्रमांक कोणाच्या नावावर राहील? तिसऱ्याचे उत्तर 'मालकाच्या' याशिवाय दुसरे असू नये. विक्रेता, हिशोबनीस किंवा सल्लागार कितीही विश्वासू असला तरी किल्ली मालकाकडेच हवी. पहिल्या दोन प्रश्नांना टोलवाटोलवी झाली तर स्वस्त भाडेही महाग समजावे.

शेवटची कसोटी अगदी साधी आहे. महिन्यातून एकदा नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडावी आणि चार गिऱ्हाइकांची बाकी मूळ वहीशी ताडून पाहावी. जुळली तर वही सुरक्षित. जी नक्कल कधी उघडूनच पाहिली नाही, तिच्या भरवशावर उधारी देऊ नये. ताका घेताना आपण मीटर मोजून घेतो. नक्कलही तशीच मोजून घ्यावी.