प्रोटॉनचं माप आणि चार टक्क्यांचा पेच

चाकणच्या टूलरूममध्ये एकाच जॉबचं माप दोन गेजवर वेगवेगळं आलं, तर जॉब रिजेक्ट करण्याआधी गेज कॅलिब्रेशनला पाठवतात. 2010 साली भौतिकशास्त्रज्ञांपुढे नेमका हाच पेच होता. जॉब होता प्रोटॉन. त्याची त्रिज्या फेम्टोमीटरमध्ये सांगतात. एका मायक्रॉनचे शंभर कोटी भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोमीटर.

इथे टेकवायला प्रोब नाही. माप इलेक्ट्रॉनकडूनच काढून घ्यावं लागतं. हायड्रोजनच्या अणूत सर्वांत खालच्या पातळीवरचा इलेक्ट्रॉन क्वचित प्रोटॉनच्या आतही सापडतो. आत ओढ कमी पडते, त्यामुळे ऊर्जापातळी किंचित वर सरकते. जर्मनीत गार्खिंगला थिओडोर हेन्श यांच्या गटाने पहिल्या पातळीवरून दुसरीवर जाण्याची वारंवारता पंधरा अंकांपर्यंत मोजली. ती आहे सुमारे 2,466 लाख कोटी हर्ट्झ आणि त्यात प्रोटॉनच्या आकाराचा वाटा जेमतेम 10 लाख हर्ट्झ! चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे गेलं, की नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी दुर्बीण लागते. ती आकाशातल्या हायड्रोजनची 1420 मेगाहर्ट्झची रेषा टिपते. त्या रेषेवरही प्रोटॉनच्या आकाराची छाप आहे, दहा लाखांत सुमारे 40 भाग.

स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये रँडॉल्फ पोल आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनच्या जागी म्युऑन नावाचा कण बसवला. तो इलेक्ट्रॉनच्या 207 पट जड, म्हणून प्रोटॉनला कितीतरी अधिक चिकटून असतो आणि आकाराचा परिणाम लाखो पटींनी वाढतो. आयुष्य मात्र सरासरी 2.2 मायक्रोसेकंद. तेवढ्यात लेसरचा झोत सोडायचा आणि बाहेर पडणारा क्ष-किरण पकडायचा. उत्तर आलं 0.842 फेम्टोमीटर. तोवरचं मान्य माप होतं 0.877, म्हणजे फरक चार टक्क्यांचा.

निसर्गाचा एखादा नवाच नियम हाती लागतोय का, अशी चर्चा रंगली. मला मोलाचं वाटतं ते हे, की अनेक प्रयोगशाळा चिकाटीने पुन्हा हायड्रोजनकडे वळल्या. 2017 मध्ये गार्खिंगला 0.8335 मिळालं, शेजारच्या संक्रमणांच्या सरमिसळीमुळे वर्णरेषेचा मध्य सरकतो, हेही तिथे नीट हिशेबात धरलं गेलं. 2018 मध्ये पॅरिसने पुन्हा 0.877 सांगितलं. 2019 मध्ये टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात एरिक हेसल्स यांच्या गटाला 0.833 मिळालं. प्रमाणित मूल्यही 0.8414 वर आलं.

पॅरिसचा आकडा त्यात बसत नाही. इलेक्ट्रॉन आणि म्युऑन, दोन्ही एकाच यंत्रणेतून प्रोटॉनवर सोडून माप घेणारा म्यूझ प्रयोग पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्येच उभारला आहे.