ताजं की मुरलेलं?

लिनक्स फुकट मिळतं, हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण कोणतं घ्यायचं? दर आठवड्याला नवं होणारं, की दोन वर्षं जागचं न हलणारं? पुण्यात बसून माझं उत्तर पक्कं होतं. चिखल्याने ते बदलायला लावलं!

फोन वाजला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. स्क्रीनवर नाव मामाजींचं. ते ऑफिसच्या वेळात कधी फोन करत नाहीत, म्हणजे मामला सीरियस होता.

"बाबू, स्कॅनर तं मुका झाला. कालपर्यंत चालू होता."

"मामाजी, काही अपडेट वगैरे केलं का?"

"तूच तं सांगून गेला होता, विचारलं का 'हो' म्हनाचं. मंग हो म्हनून देलं!"

झालं! माझ्या पोटात गोळाच आला. कारण त्या कॉम्प्युटरवर काय टाकलंय हे फक्त मला माहीत होतं. टाकणारा मीच होतो ना!

मामाजी राहतात चिखल्याला. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळचं गाव. चिखल्याची ओळख म्हणजे मॉइलची मँगनीजची भुयारी खाण. मामाजींची सगळी नोकरी तिथेच गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी घराच्या पडवीत दुकान टाकलं : एक पीसी, एक स्कॅनर-प्रिंटर, एक लॅमिनेशनचं मशीन. सातबारा काढून द्यायचा, ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे, झेरॉक्स मारायची. गावासाठी हे दुकान म्हणजे तालुक्याची एक फेरी वाचणं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. मामाजींचा पीसी चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा, चार जीबी रॅमवाला. त्याला विंडोज ११ कुठून झेपणार? त्यांच्या नियमात आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, बसत नाही. दिवाळीला गेलो तेव्हा खिशात पेनड्राइव्ह घेऊनच गेलो. एकदम हिरोसारखा! आणि टाकलं काय? जे मला आवडतं ते. एक चकाचक, लेटेस्ट, रोज ताजं होणारं लिनक्स. मामी म्हणाल्या, "बाई, किती छान दिसते!" माझी कॉलर ताठ.

आधी बेसिक फंडा

लिनक्स ही खरं तर फक्त गाभ्याची म्हणजे कर्नलची ओळख. त्याभोवती डेस्कटॉप, ब्राउझर, प्रिंटरची सोय असं सगळं बांधून जो पुडा तयार होतो, त्याला डिस्ट्रिब्युशन उर्फ डिस्ट्रो म्हणतात. पुडे शेकड्याने आहेत, पण बांधायच्या पद्धती ढोबळमानाने तीन.

पहिली, मुरलेली. उदाहरण डेबियन. १९९३ मध्ये इयन मरडॉक या विद्यार्थ्याने हे सुरू केलं. आपल्या मैत्रिणीचं डेब्रा आणि स्वतःचं इयन अशी नावं जोडून त्याने नाव ठेवलं. डेबियनची स्टेबल आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. सगळी नावं 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांची. डेबियन १२ म्हणजे बुकवर्म जून २०२३ मध्ये आलं, डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सी ऑगस्ट २०२५ मध्ये. प्रत्येकाला तीन वर्षं पूर्ण सपोर्ट, वर दोन वर्षं जास्तीचा. उबुंटूच्या एलटीएस आवृत्त्या आणि त्यावर उभं असलेलं लिनक्स मिंट हेही याच गोत्रातले.

दुसरी, ताजी. आर्च किंवा ओपनसुसे टम्बलवीड. इथे आवृत्ती नावाची भानगडच नाही. जगात कुठे काही नवं झालं की थोड्याच दिवसांत तुमच्या दारात. याला रोलिंग म्हणतात.

तिसरी, मधली. फेडोरा. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि प्रत्येकीचं आयुष्य साधारण तेरा महिने.

आता एक गंमत. स्टेबल म्हटलं की आपल्याला वाटतं, न कोसळणारं. तसं नाही! स्टेबल म्हणजे न बदलणारं. सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, पण त्या जुन्याच आवृत्तीत ठिगळासारख्या बसवल्या जातात. बटणं जिथे होती तिथेच राहतात. ज्या लायब्ररीवर तुमच्या स्कॅनरचा ड्रायव्हर टेकलेला असतो, ती लायब्ररी एका रात्रीत पायाखालून सरकत नाही.

आणि मामाजींकडे नेमकं तेच झालं होतं.

शेवटची तारीख

मामाजींचं इंटरनेट म्हणजे मोबाइलचं हॉटस्पॉट. रोलिंग सिस्टीम दर आठवड्याला शेकडो एमबी मागायची. डेटा संपतो म्हणून त्यांनी पाच आठवडे 'नंतर' म्हटलं. मग एका संध्याकाळी रेंज चांगली होती, त्यांनी 'हो' म्हटलं. पाच आठवड्यांचा ढीग एकदम उतरला. त्यात एक लायब्ररी नवी झाली, आणि स्कॅनरच्या कंपनीने कधी काळी दिलेला ड्रायव्हर तिला ओळखेना. प्रिंट निघत होती, स्कॅन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक मुलगी आलेली. तुमसरच्या कॉलेजला जाणारी, घरातली पहिलीच. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख, आणि कागद स्कॅन करून जोडायचे होते.

मी पुण्यातून फोनवर कमांड सांगत होतो. मामाजी एका बोटाने टाइप करत होते. "डॅश म्हणजे आडवी रेघ ना? एक का दोन?" दीड तास गेला. मोबाइलने फोटो काढून बघितले, तर फाइलचा साइज बसेना आणि शिक्का वाचता येईना. शेवटी मामाजींनी शटर ओढलं, मुलीला आणि तिच्या आईला घेऊन तुमसर गाठलं, तिथल्या एका दुकानात कागद स्कॅन केले. फॉर्म त्याच रात्री गेला.

गेला म्हणून ठीक. नसता गेला तर? माझा डेस्कटॉप दिसायला कितीही सॉलिड असो, तिचं वर्ष मी कुठून भरून देणार होतो? ताज्याची हौस माझी आणि बिल तिच्या नावावर, असला हा हिशेब!

अर्धा सेकंद

पण थांबा. याचा अर्थ ताजं वाईट, असा काढू नका.

२९ मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनीअर डेबियनच्या 'सिड' शाखेवर काम करत होता. सिड म्हणजे 'टॉय स्टोरी'तला खेळणी मोडणारा पोरगा. डेबियनमधलं सगळ्यात ताजं, कच्चं सामान तिथे पडतं. त्याच्या लक्षात आलं, की दूरच्या मशीनवर लॉगिन करायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तुम्ही-आम्ही चहाचा घोट घेतला असता. तो मागे लागला आणि सापडलं काय, तर एक्सझेड नावाच्या फाइल दाबून लहान करणाऱ्या साध्याशा टूलमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. टोपणनावाने वावरणाऱ्या एका इसमाने दोनेक वर्षं गोड बोलून, मदत करून त्या प्रोजेक्टच्या किल्ल्या मिळवल्या होत्या.

५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत हे विष होतं. डेबियन सिड आणि टेस्टिंग, टम्बलवीड, फेडोराची पुढच्या आवृत्तीची तयारी अशा ताज्या ठिकाणी ते पोचलं होतं. डेबियन स्टेबलवाले? निवांत झोपले होते. त्यांच्यापर्यंत ते आलंच नव्हतं.

मग स्टेबल जिंकलं म्हणायचं? अर्धवट. कारण पकडणारा माणूस ताज्यावरच बसला होता! पुढे कुणी चालून खड्डे दाखवतं, म्हणून मागच्याची वाट सरळ होते. सगळेच मुरायची वाट बघत बसले, तर बरणीत कैऱ्या टाकायच्या कुणी?

शिवाय मुरवण्याची किंमत असतेच. केडीईचा प्लाझ्मा ६ हा डेस्कटॉप फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. डेबियन स्टेबलवाल्यांना तो मिळाला ऑगस्ट २०२५ मध्ये. दीड वर्षाने. एकदम नवा लॅपटॉप घेतलात, तर जुन्या कर्नलला त्याचं वाय-फाय ओळखताच न येण्याची शक्यता असते. तेव्हा स्टेबलचा हट्ट धरलात, तर हातात बंद खिडकीच येते.

आपल्या मातीतलं

हा निर्णय आपल्याकडे याआधीही झालाय. सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' नावाची भारतीय भाषांसाठीची सिस्टीम काढली, ती डेबियनच्या पायावर. सरकारी ऑफिस आणि शाळेत रोज नवं चालत नाही, हे उघड आहे. दुसरीकडे फेडोराच्या मागे असलेल्या रेड हॅटचं मोठं ऑफिस पुण्यात आहे. लिनक्सवर देवनागरी नीट दिसावी म्हणून त्यांनी जे 'लोहित' फॉन्ट मोकळे केले, त्या नावाचा अर्थच लाल! आज चिखल्यात मामाजी सातबारा उघडतात आणि जोडाक्षरं फुटत नाहीत, त्याच्या मागे अशा अनेक लोकांची वर्षं आहेत.

रेती भरल्याशिवाय नाही

पुढच्याच शनिवारी मी चिखल्याला गेलो. पेनड्राइव्हवर डेबियन १३. स्कॅनरचा ड्रायव्हर बसवला, दहा वेळा स्कॅन करून बघितलं. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप उतरतील अशी सोय केली. त्या इतक्या छोट्या, की हॉटस्पॉटला जड नाहीत. ब्राउझर फायरफॉक्सचा ईएसआर, म्हणजे वेबसाइटपुरतं पुरेसं ताजं. टाइमशिफ्ट टाकलं, म्हणजे काही बिघडलंच तर कालच्या स्थितीला परत जाता येईल.

मी हे सगळं समजावून सांगत होतो. मामाजी ऐकत होते. मग म्हणाले, "खाली आमी असाच करत होतो. एका थराचा माल काढला का त्या पोकळीत पान्यासंगं रेती सोडाची. पानी निघून जाते, रेती बसते. मंग त्या रेतीवर उभं राहून वरचा थर. भरल्याशिवाय वर हात नाई लावाचा."

मी काहीच बोललो नाही. एवढ्या वर्षांत मी स्टेबल रिलीजचा फंडा इतका क्लिअर कुणाकडूनच ऐकला नव्हता.

माझ्या लॅपटॉपवर? अजूनही फेडोराच आहे, आणि राहणार. काही मोडलं तर रात्री जागणारा मीच असतो, आणि सापडलेला बग कळवून टाकतो. तेवढीच आपली रेती!

चौकट : तुमचं कोणतं?

* मशीन बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? तुम्ही स्वतः असाल तर ताजं चालेल. दुसरं कुणी असेल, आणि ते दुसऱ्या गावात असेल, तर स्टेबलच.

* लॅपटॉप गेल्या वर्षभरातला आहे? फेडोरा किंवा रोलिंग बघा. पाच वर्षांहून जुना? डेबियन किंवा मिंट.

* जुना ३२ बिटचा पीसी असेल तर सावधान. डेबियन १३ त्यावर नव्याने बसत नाही.

* इंटरनेट मोजून-मापून वापरता? रोलिंगच्या वाटेला जाऊ नका.

* एकच अ‍ॅप लेटेस्ट हवंय? त्यासाठी सगळी सिस्टीम बदलू नका. स्टेबलवर फ्लॅटपॅकने ते एक अ‍ॅप घ्या.

* रोलिंगच घ्यायचं ठरलंय? मग अपडेट साठवू नका, आणि आधी स्नॅपशॉट. टम्बलवीडमध्ये ही सोय आयती मिळते.

* काहीही घ्या, पण आई-बाबांच्या कॉम्प्युटरवर स्वतःची हौस भागवू नका. अनुभवाचे बोल आहेत, राव!

परवा मामाजींचा पुन्हा फोन. ऑफिस टाइममध्येच. मी धसकलो. "काय झालं मामाजी?"

"काई नाई. त्या पोरीची शिष्यवृत्ती मंजूर झाली. पेढे ठेवले हायेत, येशीन तवा खाजो. आन् हो, कॉम्प्युटरले हात नोको लावजो!"