तपोवनातली झाडं आणि दहावीचं पत्रलेखन: मुलांना मुद्दा पटवून द्यायला कसं शिकवायचं?

नोव्हेंबर 2025 मध्ये नाशिकच्या तपोवनातली झाडं तोडण्याबाबत महापालिकेची नोटीस आली. सिंहस्थासाठी तिथं साधुग्राम उभारायचं होतं आणि प्रश्न 1,700 हून जास्त झाडांचा होता. त्या दिवसांत तुमच्या मोबाईलवरही एखादं रील आलंच असेल. झाडाला मिठी मारलेले फोटो, कविता, स्टेटस, हॅशटॅग, सगळं झालं. पुढे हा वाद हरित लवादापर्यंत गेला.

या गोंधळात एक साधी गोष्ट अनेकांच्या लक्षात आली नाही. झाडं तोडण्याआधी महापालिकेला कायद्यानं नोटीस द्यावी लागते आणि लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. सुनावणी होते ती या हरकतींवर. तुमच्या स्टोरीला किती लाईक आले, याची नोंद त्या फाईलमध्ये होत नाही. मुदतीत आलेला, सही असलेला, मुद्दा मांडणारा एक कागद मात्र फाईलला लागतो.

आता प्रश्न असा की असा कागद लिहायला आपल्याला शाळेत कुणी शिकवलं होतं का?

उत्तर ‘हो’ आहे, पण अर्धवट. दहावीच्या मराठीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला 24 गुण आहेत. त्यात पत्रलेखन येतं, मागणीपत्र येतं, विनंतीपत्र येतं. रोपवाटिकेकडे रोपं मागणारं पत्र तर सरावात हमखास असतं. म्हणजे नाशिकमधल्या कितीतरी मुलांनी झाडांसाठी पत्र लिहिलेलं आहे! फक्त ते पत्र ज्याला लिहिलं तो माणूस अस्तित्वातच नव्हता. माहिती प्रश्नातल्या चौकटीत आयती होती आणि वाचणारे होते पेपर तपासणारे सर. त्यामुळे मुलं मायना, विषय, ‘आपला विश्वासू’ हे सगळं बिनचूक शिकतात. समोरच्याला काय पटेल, हा विचार करायची वेळच त्यांच्यावर येत नाही.

म्हणून पहिला बदल इथंच करायला हवा. मुलांना खरा वाचक द्या, ज्याच्या हातात ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचा अधिकार आहे असा.

तपोवनचंच उदाहरण धरू. हरकत वाचणार कोण? महापालिकेचा वृक्ष अधिकारी. त्याला झाडं आवडतात की नाही, हे इथं गौण आहे. तो 1975 च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याच्या चौकटीत काम करतो. 2021 च्या दुरुस्तीनं त्यात ‘हेरिटेज ट्री’ म्हणजे प्राचीन वृक्ष ही संकल्पना आली: 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड. पाच वर्षं किंवा जास्त वयाची 200 किंवा त्याहून अधिक झाडं तोडायची असतील, तर प्रस्ताव राज्य पातळीवरच्या वृक्ष प्राधिकरणाकडे पाठवावा लागतो, हीसुद्धा त्याच दुरुस्तीतली तरतूद. एवढं कळलं की पत्राची दिशाच बदलते. ‘झाडं आपले मित्र आहेत’ या वाक्यावर अधिकारी काहीच करू शकत नाही. ‘यादीतलं हे झाड 50 वर्षांपेक्षा जुनं आहे’ यावर त्याला उत्तर द्यावंच लागतं.

मग हे सिद्ध कसं करायचं?

इथून संशोधन सुरू होतं आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साधारण साडेचार फुटांवर मोजतात. भारतात वनखात्याची हीच पद्धत आहे. चार मुलांचा गट करा, एकानं मोजायचं, एकानं लिहायचं, एकानं फोटो काढायचा, एकानं झाडाचं नाव शोधायचं. घेरावरून वयाचा फक्त अंदाज येतो, कारण प्रत्येक जातीचा वाढीचा वेग वेगळा. मग त्या भागात राहणाऱ्या आजोबांना विचारायचं, जुने फोटो शोधायचे. हे सगळं करताना मुलांना एक फरक आपोआप कळतो: आपल्याला काय माहीत आहे आणि आपल्याला काय वाटतं.

व्हॉट्सअॅपवरची माहितीही इथंच गाळून घेता येते. ‘एक झाड इतक्या लाखांचा ऑक्सिजन देतं’ हा फॉरवर्ड प्रत्येक वृक्षतोडीच्या वेळी फिरतो. कुठलं झाड, किती वर्षांत, हिशेब कुणी केला? उत्तर सापडलं नाही तर तो आकडा पत्रातून काढायचा, कितीही आवडला तरी. एक कच्चा आकडा सापडला की वाचणारा बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही शंका घेतो.

कागदपत्रं हवी असतील तर माहिती अधिकार आहेच. 10 रुपये शुल्क, साधारण 30 दिवसांत उत्तर. गंमत म्हणजे महाराष्ट्रात 2012 च्या नियमदुरुस्तीनं या अर्जाला 150 शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा घातली. कार्यकर्ते त्यावर नाराज झाले, आणि त्यांचं चुकलं असंही नाही. पण नेमकं लिहायला शिकवण्यासाठी याहून चांगला सराव मला तरी माहीत नाही.

सगळ्यात अवघड भाग यानंतरचा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं मुलांनाच लिहायला लावा. साधू-महंतांना राहायला जागा लागणार, हे खरंच आहे. तपोवन हीच साधुग्रामची ठरलेली जागा आहे. जुनी मोठी झाडं वाचवू, बदल्यात नवी लावू, असं प्रशासन म्हणत होतं. ही बाजू प्रामाणिकपणे लिहिल्याशिवाय आपल्या पत्राला धार येत नाही, कारण अधिकाऱ्याच्या मनात हेच मुद्दे असतात. वर्गातली काही मुलं लिहिता लिहिता त्या बाजूची होतील. होऊ द्या. मुलांकडून स्वतःचंच मत वदवून घेणाऱ्या शिक्षकानं हा तास घेऊच नये.

एकच गोष्ट, दोन वाचक

वाचक बदलला की लेखन कसं बदलतं, हे दाखवायला आपल्याकडे जोतीराव फुल्यांचं उदाहरण आहे. 19 ऑक्टोबर 1882 ला त्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. वाचणारे सरकारी लोक, म्हणून सुरुवातीलाच स्वतः चालवलेल्या शाळांचा अनुभव सांगितला आणि मग नेमकी मागणी केली: प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत, निदान 12 वर्षांपर्यंत सक्तीचं करा. पुढच्याच वर्षी, 1883 मध्ये, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला. त्यातही अज्ञान आणि लूट हाच विषय, पण तो लोकांना वाचून दाखवण्याजोग्या रोखठोक, बोलत्या मराठीत. हे दोन्ही वर्गात शेजारी ठेवून वाचता येतात.

आता पत्राकडे. बहुतेक मुलांचा पहिला मसुदा असा असतो: ‘तपोवन हे नाशिकचं फुप्फुस आहे. कृपया वृक्षतोड थांबवावी.’

समजा, एका गटानं 40 झाडं मोजली. त्यांचा दुसरा मसुदा असा होऊ शकतो: ‘आम्ही 40 झाडांचे घेर मोजले, तक्ता व फोटो सोबत आहेत. त्यातील 6 झाडे स्थानिक रहिवाशांच्या सांगण्यानुसार 50 वर्षांहून जुनी आहेत. या 6 झाडांचे वय तज्ज्ञांकडून तपासावे व तोपर्यंत ती यादीतून वगळावीत.’ दुसऱ्या मसुद्यात मागणी छोटी आहे, पण तिला उत्तर देणं भाग आहे. ‘सांगण्यानुसार’ हा शब्द तर मुद्दाम ठेवलाय, कारण ते अजून सिद्ध झालेलं नाही.

आणि हो, अर्ज द्यायला जाताना दोन प्रती न्या. खाली पालकांची सही घ्या. एक प्रत आवक विभागात द्यायची आणि दुसरीवर तारीख, आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन यायचं. उत्तर आलं तर ते फळ्याशेजारी लावा आणि पुढच्या तासाला मुलांना विचारा, आपल्या कुठल्या मुद्द्याला साहेबांनी उत्तर दिलंय आणि कुठला गाळलाय.