सेवांतर्गत प्रशिक्षणाचे ऑनलाइन रूप आणि शिक्षकाची मनोवृत्ती

नोकरी सांभाळून शिकणाऱ्या प्रौढाची मनोवृत्ती विद्यार्थिदशेतील तरुणाच्या मनोवृत्तीहून निराळी असते, हे आता सर्वमान्य आहे. परंतु ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संदर्भात या वृत्तीचा विचार होतो तो बहुधा पुण्या-मुंबईच्या संगणक-व्यावसायिकांपुरताच. असे अभ्यासक्रम ज्यांच्या वाट्यास मोठ्या संख्येने आले, ते प्राथमिक शिक्षक या विचाराच्या कक्षेत क्वचितच येतात.

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागात, ओतूरहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या महामार्गावर, पिंपळगाव जोगे धरणाच्या जलाशयानजीक मढ हे गाव आहे. येथून घाटमाथ्याकडे पाऊस वाढत जातो आणि भातशेती व महादेव कोळी समाजाच्या वस्त्या लागतात. अशा टापूतील शिक्षकास प्रशिक्षणासाठी तालुक्याचे ठिकाण गाठावयाचे म्हणजे शाळेचा दिवस गमवावा लागतो. शाळा द्विशिक्षकी असेल, तर मागे राहिलेल्या सहकाऱ्यावर सर्व इयत्तांचा भार पडतो. ऑनलाइन अभ्यासक्रमाचे अशा ठिकाणी स्वागत होते ते या कारणाने. त्यास केवळ नावीन्याचे आकर्षण समजणे चुकीचे होईल.

नोकरदारास घरबसल्या शिकविण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झाले. पण तेथे छापील पुस्तकाच्या जोडीस अभ्यासकेंद्र आणि संपर्कसत्रे होती. पुढे 2017 मध्ये केंद्र शासनाची ‘स्वयम्’ व ‘दीक्षा’ ही दोन व्यासपीठे सुरू झाली. ऑगस्ट 2019 मध्ये आरंभिलेले ‘निष्ठा’ प्रशिक्षण प्रत्यक्ष वर्गांतून द्यावयाचे होते. साथीमुळे ऑक्टोबर 2020 पासून तेच ‘दीक्षा’वरून देण्यात आले. 2022 मध्ये राज्यातील वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीचे प्रशिक्षणही ऑनलाइन झाले.

या शेवटच्या उदाहरणाकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. बारा व चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळावयाच्या वेतनश्रेणीसाठी हे प्रशिक्षण आवश्यक आहे. साहजिकच प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत मनात चिंता असते ती हक्काच्या वेतनाची, ज्ञानाची नव्हे. माल्कम नोल्स यांच्या प्रौढशिक्षणविषयक विवेचनानुसार प्रौढ मनुष्य शिकतो तो आपल्यासमोरील प्रश्न सोडविण्यासाठी आणि आपल्या अनुभवाचा मान राखला जावा या अपेक्षेने. वीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षकास चित्रफीत पुढे सरकविता येत नाही, आणि तिच्या शेवटी बहुपर्यायी प्रश्न येतो; त्याच्या अनुभवास मात्र कोठेच जागा नसते. अशा वेळी चित्रफीत चालू ठेवून तो वह्या तपासावयास बसला, तर त्यास आळस म्हणता येणार नाही. दिवसाचे तास मोजणाऱ्या माणसाचा तो हिशेब असतो. स्त्री-शिक्षिकांच्या बाबतीत तर ‘सोयीची वेळ’ म्हणजे स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास उरकल्यानंतरची रात्र.

तथापि जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. राज्यस्तरावरून जिल्हा, जिल्ह्यावरून तालुका, तालुक्यावरून केंद्र अशा पायऱ्या उतरताना मूळ विषय पातळ होत जाई. ऑनलाइन पद्धतीत मढचा शिक्षक मूळ व्याख्यात्यास ऐकू शकतो, आणि न समजलेला भाग पुन्हा ऐकू शकतो. तालुक्याच्या सभागृहात शंका विचारण्यास संकोचणाऱ्यास हा एकांत मानवतो. नावडत्या सक्तीविषयी कुरकुरणारा हाच शिक्षक, एखादा गणिताचा खेळ किंवा भाषेचा उपक्रम उपयुक्त वाटल्यास, त्याची चित्रफीत आपण होऊन इतरांस पाठवितो. तेव्हा त्याचा विरोध माध्यमास आहे असे सरसकट म्हणता येत नाही.

मायकेल मूर यांनी दूरशिक्षणातील अंतर हे भौगोलिक नसून संवाद आणि रचना यांवर अवलंबून असते, असे प्रतिपादिले. रचना जितकी ताठर आणि संवाद जितका थोडा, तितके अंतर अधिक. मढहून पुणे दूर आहे, हे येथे गौण ठरते. घरी महादेव कोळ्यांची बोली बोलणाऱ्या पहिलीच्या मुलास प्रमाण मराठीतील वाचन कसे शिकवावे, ही तेथील शिक्षकाची शंका सर्व राज्यासाठी एकाच साच्यात घडविलेल्या घटकात मावत नाही, आणि ती विचारावयाची तर पडद्यापलीकडे कोणी नसते. तिचे उत्तर तो शोधतो केंद्राच्या शिक्षण परिषदेत, शेजारच्या शाळेतील सहकाऱ्यापाशी. यास्तव मनोवृत्तीचे मापन करणाऱ्या प्रश्नावलीत ‘समाधान’ हा एकच रकाना ठेवणे अपुरे आहे. अभ्यासक्रम स्वेच्छेचा की सक्तीचा, त्यासाठी सेवेतील वेळ दिला की घरचा, आणि शंकेस उत्तर कोणी दिले, या तीन बाबी त्यात स्वतंत्रपणे विचारावयास हव्यात.