तीन खांबांची चाल

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीत, आमच्या गल्लीत, अंतर विजेच्या खांबांनी मोजता येतं. सासूबाई घरापासून तिसऱ्या खांबापर्यंत बोलत बोलत जातात. तिथं बोलणं थांबतं. मग थोडी पावलं त्या खाली बघत, ओठ आवळून टाकतात आणि कोणाच्या तरी ओट्यावर टेकतात. पाच-सात मिनिटं बसल्या की पुन्हा तीन खांब. ओटे मिळत गेले तर सगळ्या गावाला फेरी मारून येतील. नाही मिळाले तर चौथा खांबही जड. हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीचा बेत ठरला तेव्हा वहीत पहिली ओळ हीच पडली : तीन खांब, मग बसायला जागा.

दवाखान्यात यासाठी एक चाचणी असते. तीस मीटरच्या सरळ वाटेवर माणूस सहा मिनिटांत किती चालतो ते बघायचं. हृदय-फुप्फुसाच्या रुग्णांसाठी ती रूढ झाली, गुडघ्यांसाठीही वापरतात. पण घरच्या माणसांनी रोज बघितलेलं त्या चाचणीत येत नाही. सासूबाईंना चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त छळतं. रेशनच्या रांगेत चालल्यापेक्षा लवकर त्यांचा चेहरा उतरतो. पायरी हा तिसरा हिशोब. चढताना हात धरायला काही असेल तर त्या चढतात. उतरताना कठड्याशिवाय एक पायरीही नको म्हणतात. चाळीस-बेचाळीस वर्षं निंदण आणि कापसाची वेचणी करून, चुलीपुढं उकिडवं बसून झिजलेले गुडघे आहेत हे.

मुलांना खरं तर खोपोलीजवळचं इमॅजिका हवं होतं. २०१३ साली ते सुरू झालं आणि मोबाइलमुळे आमच्या सेलू तालुक्यातल्या पोरांनाही तिथले पाळणे तोंडपाठ आहेत. पण वर्ध्याहून ते राज्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि उलटंपालटं करणाऱ्या पाळण्यांत सासूबाईंचं काम काय? पिशव्या सांभाळत बाकावर बसायचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सहलीला नेतात ते पुष्कळदा याच कामासाठी. शेगावच्या आनंदसागरचा विषय निघाला. आमच्या लग्नानंतर आम्ही तिथल्या झुकझुक गाडीत बसलो होतो, पण ते आता तसं राहिलेलं नाही. रामोजी फिल्म सिटी उरली ती एका कारणामुळे : तिथं अंतर बस कापते. १९९६ साली उभी राहिलेली ती जागा इतकी मोठी आहे की धडधाकट माणसालाही ती पायी बघता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच बसमध्ये बसवतात. जिथं सगळेच बसतात तिथं बसणारं माणूस वेगळं दिसत नाही. जागा निवडताना आम्ही हे एवढंच पाहिलं, आणि माझ्या मते एवढंच पाहावं.

तारीख काढायला कापसानं वेळ घेतला. दिवाळीच्या सुट्ट्या आणि पहिला वेचा एकदमच येतात. घर सोडून कोण जाणार? मुलांच्या नाताळच्या सुट्टीत सगळा देशच फिरायला निघतो, म्हणजे रांगा आल्या. उन्हाळ्यात हैदराबादला नेणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाशी वैर. संक्रांत झाली, वाण लुटून झालं की जानेवारीचा शेवटचा आठवडा उरतो. मुलांची दोन दिवस शाळा बुडाली, ती बुडवली.

आधी सराव म्हणून बोरधरणला गेलो. हिंगणीकरांना बोरचं जंगल म्हणजे घरामागचं अंगण. १९७० साली अभयारण्य झालं, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प; साधारण १३८ चौरस किलोमीटरचा, त्यामुळे देशातला सर्वांत लहान अशी त्याची ओळख झाली. आमच्या गावावरून पुण्या-मुंबईच्या गाड्या जातात आणि आम्ही घरचे लोक मात्र पाहुणे आल्याशिवाय सफारीला जात नाही. उघड्या जिप्सीत एकदा बसलं की चालायचं नाव नाही; गुडघ्याच्या माणसाला यासारखं फिरणं नाही. अडचण पहिल्या दोन फुटांची. जिप्सीच्या मागच्या बाजूनं चढायचं तर पाय मांडीइतका वर न्यावा लागतो. चालकानं आपणहून प्लास्टिकचं स्टूल आणलं. सासूबाईंनी त्यावर पाय ठेवताच ते डगमगलं आणि त्या तशाच खाली उतरल्या. मग माझ्या दिरांनी सुतारकाम केलं : सागाच्या फळीचं, रुंद बुडाचं, वीतभर उंच ठोकळ्यासारखं पायरीपाट, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवलेले. सगळ्या सहलीत त्यासारखी उपयोगाची वस्तू दुसरी नव्हती. बस, टॅक्सी, न्हाणीघराचा उंबरा, सगळीकडे ते आधी पडायचं आणि मग सासूबाईंचा पाय.

त्याच सरावाच्या दिवसांत काठीचं कळलं. वर्ध्याच्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी बघताक्षणी काठी दुसऱ्या हातात दिली. दुखरा गुडघा उजवा असेल तर काठी डाव्या हातात हवी. दुखऱ्या पायाबरोबर काठी पुढं पडते आणि भार वाटला जातो. आपल्याकडे निम्मी माणसं दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात. काठीच्या टोकाचं रबरी बूच झिजलेलं होतं, ते बदललं. फरशीवर घसरायला ते झिजलेलं बूच पुरतं. आणि पायऱ्यांचा नियम : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. धाकट्यानं तो दोन दिवस घरभर ओरडून पाठ केला.

खुर्चीचा विषय मात्र कोणी काढेना. शेवटी मीच काढला, की रामोजीत चाकाची खुर्ची घेऊ.

“मी काय पांगळी होय का?” त्या म्हणाल्या. “तुमीच जाऊन या. मी राह्यतो घरी. गाईले पान्यावर कोन नेईन?”

गाय हे निमित्त होतं. लोकांनी बघू नये, हे खरं. मी म्हटलं, “आई, तुम्ही चालताच ना. खुर्ची चालण्यासाठी नाही, रांगेत उभं राहण्याच्या बदल्यात आहे.” त्यांनी ऐकून घेतलं, पण मानलं थोरल्याचं. तो म्हणाला, “आजी, तू खुर्चीत बसली त आमच्या पिशव्या तुया मांडीवर. आमाले बी आराम.” आपण ओझं नसून ओझं वाहणारी आहोत, हा हिशोब त्यांना पटला असावा.

वर्ध्यात भाड्यानं दोन प्रकारच्या खुर्च्या मिळाल्या. एकीची चारही चाकं लहान. हलकी, डिकीत मावणारी, फक्त ढकलणाऱ्याच्या कामाची. दुसरीची मागची चाकं चोवीस इंची. जड, पण बसणाऱ्याला स्वतःच्या हातानं चालवता येते आणि फरशीच्या फटीत, मुरमात अडत नाही. आम्ही जड घेतली. पुढच्या गल्लीत चौकशी होऊ नये म्हणून ती चादरीत गुंडाळून आणली आणि अंधार पडल्यावर अंगणात शिकलो. उतारावरून खुर्ची उलटी न्यायची, ढकलणारा खालच्या बाजूला, पाठीनं उतरणारा. कट्टा आला की मागच्या दांडीवर पाय देऊन पुढची चाकं उचलायची. उठण्याआधी दोन्ही ब्रेक आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर. त्या पट्टीवर भार देऊन उठलं की खुर्ची माणसासकट पुढं येते. खुर्चीत मुलांना बसवून नवऱ्याकडून ढकलून घेतली, मग मी बसले. बसल्यावर कळतं की मागून कोणी न सांगता ढकललं की किती दचकायला होतं. तेव्हापासून घरात नियम झाला : हलवण्याआधी बोलायचं.

गाडी निवडणं सोपं झालं ते वंदे भारतमुळे. नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत १६ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली आणि तिला सेवाग्रामला थांबा आहे. नागपूरहून पहाटे पाचला निघून दुपारी सव्वाबाराच्या सुमारास ती सिकंदराबादला पोचते. रात्रीच्या गाडीत आडवं होता येतं. खालची बर्थ ज्येष्ठांना आणि पंचेचाळीस पार केलेल्या बायकांना रेल्वेची संगणक यंत्रणा शक्य तिथं देते. पण त्या गाड्यांच्या दाराशी लोखंडी पायऱ्या उभ्या. वंदे भारतला दार उघडलं की फळी पुढं सरकते आणि फट बुजते. सहा-साडेसहा तास खुर्चीवर बसून गुडघे आखडतात ही दुसरी बाजू. त्यावर उपाय आईंनीच काढला : प्रत्येक स्टेशन आलं की उठून दोन डब्यांच्या जोडापर्यंत एक फेरी. चंद्रपूर, बल्लारशा, रामगुंडम, काझीपेठ. बल्लारशाला तर त्यांनी तिकीट तपासनिसाला गावही विचारून घेतलं.

सेवाग्रामला गाडी जेमतेम थांबते. त्यामुळे फलाट कोणता, पूल चढावा लागतो का, आपला डबा कुठं येतो, हे आदल्या दिवशी जाऊन बघावं. आम्ही दूध घालायला गेलेल्या शेजाऱ्याला विचारायला लावलं, तेवढ्यानं भागलं.

हैदराबादला राहण्याच्या जागेनं मात्र फसवलं. फोनवर “लिफ्ट आहे का?” विचारलं होतं, “आहे” म्हणाले. होतीच. पण रस्त्यापासून लिफ्टपर्यंत चार उंच पायऱ्या, कठडा नाही, आणि शेजारी सामानाच्या ढकलगाडीसाठी केलेला उतार. तो इतका उभा की त्यावरून पेटीही धावत खाली यावी. चाकाच्या खुर्चीला चालेल असा उतार म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. नियमावलीतलं प्रमाण हेच आहे. तिथं ते तीन फुटांतच आटोपलं होतं. पायरीपाट आणि दोन खांदे, असे वर गेलो. आता विचारायची पद्धत बदलली आहे : रस्त्यावरून खाटेपर्यंत मोजून किती पायऱ्या? संडास खुर्चीचा आहे का, धरायला दांडी आहे का? फोटो पाठवा. फोटो मागितला की माणसं खरं बोलतात. घडीची कमोड खुर्ची सोबत होतीच. विदर्भातली लग्नंसुद्धा आता तिच्याशिवाय पार पडत नाहीत.

त्या दुपारी कुठंही गेलो नाही. प्रवासाच्या दिवशी बघायला निघणं ही तरुणांची हौस असते, तिचा भुर्दंड दुसऱ्या दिवशी गुडघे भरतात.

रामोजीत दारापासून बस आत यूरेका नावाच्या भागात नेते. दुकानं, खाणं, नाट्यगृहं सगळी तिथं एकमेकांजवळ. तिथून लाल उघड्या बस सेट दाखवायला निघतात. पायरीपाट पडलं, आई चढल्या, खिडकीची जागा मिळाली. काही सेट बसमधूनच दिसतात, काही ठिकाणी उतरवतात. वहीत आम्ही दिवसाचे तीन भाग पाडले होते : बसून दिसणारं सगळं आईंसोबत, चालून बघायचं, म्हणजे पक्षी उद्यान, फुलपाखरांची बाग, गुहा, ते पाळीपाळीनं, एक मोठं माणूस त्यांच्याजवळ ठेवून, आणि जेवणानंतरचा एक तास कोणीच काही बघायचं नाही. हा शेवटचा भाग मुलांना पाळणं सर्वांत अवघड गेलं.

आईंना काय आवडेल याचा आमचा अंदाज साफ वेगळा होता. महाभारताचा, देवळांचा सेट त्यांना आवडेल असं धरलं होतं. त्यांनी तो एका नजरेत पाहिला, “थर्माकोलचं हाय” म्हणाल्या आणि पुढं बघू लागल्या. रंगल्या त्या पाश्चात्त्य धाटणीच्या मारामारीच्या खेळात. माणसं छपरावरून पडताहेत, स्फोट होताहेत, आणि आजीबाई खुर्चीत पुढं सरकून टाळ्या वाजवताहेत. सिनेमा कसा बनवतात ते दाखवणाऱ्या खेळात एका दालनातून दुसऱ्या दालनात जावं लागतं. तिथं त्या स्वतः उठल्या, काठी घेतली आणि चालल्या. दिवसभर बसून वाचवलेले खांब त्यांनी तिथं, स्वतःच्या मनानं खर्च केले. बेत आखण्याचा अर्थ मला तेवढ्यात दिसला. त्यांची चाल आम्ही वाढवली नव्हती. ती कुठं खर्चायची हे ठरवायला त्यांना मोकळीक मिळाली होती. खुर्ची नसती तर ती सगळी चाल तिकिटाच्या रांगेत आणि संडासाच्या वाटेवर संपली असती.

माझी एक मैत्रीण अमेरिकेत असते. तिच्या वडिलांना ती फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला घेऊन गेली. तिथं भाड्यानं विजेवर चालणारी गाडी मिळते, आणि दिव्यांगांसाठीच्या माहितीत कोणत्या खेळात खुर्चीतच बसून राहता येतं, कुठं खुर्ची सोडावी लागते, हे लिहिलेलं असतं. तसा कागद छापायला पैसा लागत नाही. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, सुगम्य भारत अभियान २०१५ पासून आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक करा असं केंद्राला बजावलं. पण सासूबाईंसारखी लाखो माणसं कुठल्याच प्रमाणपत्रात बसत नाहीत. त्यांना फक्त चालणं होत नाही. त्यांच्यासाठी कायद्याच्या आधी माहिती हवी : पायऱ्या किती, बाकं कुठं, संडास कसा.

म्हणून बाग, देवस्थान, धरण, जंगल, काहीही चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की आपल्या नकाशावर दुकानांच्या आधी बाकं दाखवा आणि प्रत्येक पायरी मोजून लिहा. आणि आमच्या हिंगणीवरून बोरला जाणाऱ्यांनी घरची म्हातारी माणसं मागं ठेवू नयेत. सफारी ठरवताना वाघ दिसेल का हे सगळेच विचारतात. गाडीत चढायला भक्कम पायरी आहे का, हे आधी विचारा. चार जणांनी विचारलं की ती ठेवली जाईल.